तुमचा पार्ट आम्ही कसा मोजतो, लॉट कसा सांभाळतो

आम्ही टर्निंग आणि ग्राइंडिंगचे पार्ट बनवतो: बुश, पिन, शाफ्ट, स्पेसर. ऑर्डर देताना बहुतेक ग्राहक सांगतात, ‘क्वालिटी चांगली द्या.’ आमचीही इच्छा तीच असते. पण मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला ‘चांगली’ मोजता येत नाही, त्याला आकडा लागतो. तो आकडा कुठून येतो, आम्ही तो कसा तपासतो आणि पहिल्या नगापासून शेवटच्या नगापर्यंत कसा टिकवतो, हे या पत्रकात सांगितलं आहे. ऑर्डर देण्याआधी एकदा वाचा. पुढचे बरेच फोन वाचतील.

आधी ड्रॉइंग

समजा, 25 मिमीचा बुश आहे आणि ड्रॉइंगवर भोकाला एच7, म्हणजे मापात किती फरक चालेल हे सांगणारी खूण, लिहिलं आहे. म्हणजे भोक 25.000 ते 25.021 मिमीच्या दरम्यान हवं. त्यात फिरणारा शाफ्ट जी6 असेल (शाफ्टसाठीची तशीच खूण), तर तो 24.980 ते 24.993 मिमी. भोक सगळ्यात लहान आणि शाफ्ट सगळ्यात मोठा निघाला, तर फट 7 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). उलट झालं तर 41 मायक्रॉनची. दोन्ही जोड्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर आहेत. पण 41 मायक्रॉनला तुमच्या मशीनमध्ये शाफ्ट हलतो का, आवाज करतो का, हे तुम्हालाच माहीत असतं. म्हणून पार्ट कुठे बसतो, काय काम करतो आणि समोरचा पार्ट कोणत्या मापाचा आहे, हे आम्ही आवर्जून विचारतो. यात तुमची गुपितं काढून घ्यायचा हेतू नसतो.

याच्या उलट प्रकारही आम्ही रोज पाहतो. स्पेसरची फक्त लांबी कामाची असते, बाहेरचा व्यास कशालाच टेकत नाही, तरी त्यावर दहा मायक्रॉनचं टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिलेलं असतं. त्या एका आकड्यापायी टर्निंगवर भागणारं काम ग्राइंडिंगवर जातं, वेळ वाढतो, रिजेक्शन वाढतं आणि ते पैसे तुम्हीच भरता. महत्त्वाच्या दोन-तीन मापांभोवती गोल करून द्या. आमचं सगळं लक्ष तिथे राहील.

आडव्या तेलछिद्राच्या तोंडाशी राहिलेली बर (कापताना कडेला उरलेला धातूचा कंगोरा), धारदार कडा, सरफेस फिनिश, हीट ट्रीटमेंटनंतरची हार्डनेस या गोष्टी ड्रॉइंगवर सर्रास राहून जातात. त्या लिहून द्या.

मोजमाप

20 मायक्रॉनच्या टॉलरन्सचं माप 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून बारीक न वाचणाऱ्या) व्हर्नियरने तपासून काहीच कळत नाही. टॉलरन्सच्या साधारण दहाव्या भागापर्यंत वाचणारं साधन हवं, म्हणून अशा भोकाला आम्ही बोअर डायल, म्हणजे आतला व्यास मोजणारं काट्याचं साधन, लावतो आणि तो सेटिंग रिंगवर, म्हणजे माप माहीत असलेल्या कड्यावर, शून्य करून घेतो. साधन चांगलं असलं तरी दोन हातांत ते वेगळं वाचतं. त्यासाठी तेच नग दोन-तीन जणांकडून, कोणता नग कोणता हे न सांगता, पुन्हा पुन्हा मोजून घेतो. या मोजणीतला फरक टॉलरन्सच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत ठीक. तीस टक्क्यांच्या वर गेला तर नग चांगला की वाईट हे ती पद्धत सांगूच शकत नाही, मग ती बदलावी लागते.

तापमानाचं बोलायलाच हवं, कारण वादाचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची, हा जगभरचा नियम आहे. पोलाद दर अंशाला एक मीटर लांबीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 100 मिमीचं भोक मशीनवरून 40 अंशाला गरम असतानाच मोजलं आणि 100.020 मिमी आलं, तर एच7च्या 35 मायक्रॉनमध्ये ते व्यवस्थित बसलेलं दिसतं. नग 20 अंशाला आला की तेच भोक 99.997 मिमी भरतं, म्हणजे रिजेक्ट. ॲल्युमिनियममध्ये हा फरक जवळपास दुप्पट. म्हणून अंतिम तपासणीआधी नग आणि साधनं एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवून थंड होऊ देतो. ‘माल तयार आहे ना, मग उद्या का?’ असं तुम्ही विचारता, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

दुसरी गोष्ट गोलाईची. सेंटरलेस ग्राइंडिंगमध्ये (नग टोकांना न धरता दोन चाकांमध्ये घासतात तेव्हा) पिन कधी कधी किंचित तीन कोनांची होते. मायक्रोमीटरने कुठूनही मोजा, व्यास एकच येतो, पण पिन रिंग गेजमध्ये, म्हणजे तपासणीच्या कड्यात, जात नाही. तीच पिन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून वर डायल लावून हळूहळू फिरवली की डायलचा काटा एका फेऱ्यात तीनदा वर-खाली जातो. तुमची पिन फिरत्या जोडात बसणार असेल, तर ही तपासणी सांगून ठेवा.

लॉटची तपासणी कुठवर पुरते

हजार नगांच्या लॉटमधून 80 नग काढायचे आणि दोनपर्यंत खराब निघाले तर लॉट पास, ही आयएसओ 2859 या नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यातली नेहमीची योजना आहे. ग्राहक तिच्यावर निर्धास्त असतात. पण लॉटमध्ये खरोखर पाच टक्के नग खराब असतील, तरी अशा चार लॉटमधला जवळपास एक या तपासणीतून पार होतो. नुसत्या शेवटच्या तपासणीवर विसंबून माल पाठवणं आम्हाला पटत नाही. खराब नग तयारच होऊ नये, यासाठी मेहनत मशीनवर घ्यावी लागते.

मशीनवर

इन्सर्ट (धातू कापणारं बदलता येणारं पातं) झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो आणि भोक लहान होत जातं. म्हणून फर्स्ट पीस, म्हणजे लॉटचा पहिला नग, पास झाल्यावरही ठरावीक अंतराने नग मोजून चार्टवर बिंदू मांडतो. चार्टची ही पद्धत वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 साली मांडली. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामातून ती आली. त्यांनी दाखवलं की प्रत्येक मशीनचा स्वतःचा एक नेहमीचा चढउतार असतो. त्याच्या मर्यादा, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मा (सिग्मा हे मापं किती विखुरली आहेत ते सांगणारं एकक), मशीनच्याच मापांवरून निघतात. ड्रॉइंगच्या टॉलरन्सशी त्यांचा संबंध नाही.

बिंदू या मर्यादेत असेपर्यंत ऑपरेटरने ऑफसेटला, म्हणजे माप कमी-जास्त करायच्या मशीनवरच्या आकड्याला, हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नवा माणूस प्रत्येक नगाला दोन मायक्रॉन इकडे, तीन मायक्रॉन तिकडे करत राहतो. तो मनापासून काम करत असतो, पण मशीन स्थिर असताना असं केलं की मापांचा पसारा कमी न होता सुमारे 1.4 पट होतो. बिंदू मर्यादेबाहेर गेला किंवा सलग सात बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, की मात्र मशीन थांबवायचं, कारण शोधायचं आणि मागच्या चांगल्या मोजणीनंतरचे सगळे नग बाजूला काढून एकेक तपासायचे.

महत्त्वाच्या मापासाठी सीपीके, म्हणजे मशीन टॉलरन्सच्या आत किती आरामात काम करतं ते सांगणारा आकडा, किमान 1.33 ठेवतो. याचा अर्थ, सरासरीपासून टॉलरन्सची जवळची कड किमान चार सिग्मा लांब. सुटे पाच-दहा नग असतील तर हा आकडा मागू नका. इतक्या थोड्या मापांवरून तो भरवशाचा निघत नाही, त्यापेक्षा प्रत्येक नगाचा मोजणी अहवाल घ्या.

तक्रार असेल तर

नग घासून, रीमर मारून बसवू नका. तसाच ठेवा, लॉटचं लेबल सांभाळा. कोणतं माप, कोणत्या साधनाने, साधारण किती तापमानाला घेतलं ते कळवा. न बसणाऱ्या नगांसोबत बसलेले दोन-तीन नग आणि शक्य असेल तर समोरचा पार्टही पाठवा. त्या लॉटचा चार्ट, मोजणीच्या नोंदी आणि राखून ठेवलेले नग आमच्याकडे असतात. ते तुमच्या माणसासमोर टेबलावर ठेवून, दोघांच्या साधनांनी एकत्र मोजू.