नव्वद पानांत लॅपटॉप का गुदमरला

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं आणि सेक्रेटरींनी जुनी फाइल माझ्या हाती ठेवली. करारनामे, मंजूर नकाशे, शेअर सर्टिफिकेटं, कराच्या पावत्या. एकूण नव्वद पानं. “तुमच्याकडे स्कॅनर आहे ना, संध्याकाळपर्यंत पीडीएफ करा.” पन्नासाव्या पानाला ८ जीबी रॅमचा, म्हणजे चालू काम मांडायला तेवढीच जागा असलेला, लॅपटॉप आचके देऊ लागला, आणि थोड्याच वेळात प्रोग्रॅम बंद. दुपार पाण्यात.

मग हिशोब मांडला. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ए-फोर पानावर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके बसतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. रंगीत ठिपक्याला ३ बाइट. एक पान झालं २६ एमबीचं. मी हौसेने ६०० डीपीआय ठेवलं होतं. आकडा दुप्पट, पण ठिपके आडवेही वाढतात आणि उभेही, त्यामुळे पान चौपट: १०४ एमबी. पन्नास पानांचे ५ जीबी इथेच संपले!

पण पीडीएफ तर लहान असते? असते, कारण जेपीईजी ही चित्र लहान करायची पद्धत पान दाबून ठेवते. गादी गुंडाळली की माळ्यावर मावते. झोपायचं तर पूर्ण उलगडावी लागते. रॅममध्ये पान उलगडलेलंच असतं. शिवाय तिरकं पान सरळ करताना बरेच प्रोग्रॅम त्याची दुसरी प्रत बनवतात.

शहाणा प्रोग्रॅम पान आलं की दाबून डिस्कवर टाकतो आणि पडद्यापुरतं छोटं चित्र जवळ ठेवतो. माझा पठ्ठ्या ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत सगळ्या गाद्या अंथरून बसला होता. याला मेमरी लीक म्हणू नये. लीकमध्ये काम संपलेली जागाही परत मिळत नाही. हा नुसता गबाळेपणा. रॅम भरली की विंडोज काही भाग डिस्कवर हलवतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ. आचके त्याचेच.

दुसऱ्यांदा ३०० डीपीआय आणि ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटा, ठेवलं. ठिपक्याला एकच बाइट, पान ८.७ एमबी. निव्वळ काळं-पांढरं केलं असतं तर ठिपक्याला बाइटचा आठवा भाग पुरतो, पान जेमतेम १.१ एमबी, पण त्यात जांभळे फिकट शिक्के पुसले जातात. नकाशे तेवढे वेगळे, रंगीत केले. वीस-वीस पानांनी सेव्ह करत गेलो.

साडेसातला पीडीएफ पाठवली. पाच मिनिटांत सेक्रेटरींचा फोन: “इंडेक्स टूची मागची बाजू राहिली हो.”