बंधन (कर्तव्य, देणं या अर्थाने)

एखादी गोष्ट करायची इच्छा असो नसो, ती करणं आपल्यावर आहे, अशी जी स्थिती तिला बंधन म्हणतात. मराठीत याला एकच नेमका शब्द सापडत नाही. कर्तव्य म्हटलं की सुविचार आठवतो, बांधिलकी म्हटलं की भाषण, दायित्व हे कागदोपत्री, आणि रोजच्या बोलण्यात आपण सरळ "मी त्याचं देणं लागतो" म्हणून मोकळे होतो, त्यात पैशाचा संबंध असेलच असं नाही. मुळाशी कल्पना दोरीची आहे. लॅटिनमधला ऑब्लिगातिओ हा शब्द बांधणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि त्याच भाषेत कर्ज चुकतं करायला जे क्रियापद वापरतात, सोल्वेरे, त्याचा अर्थ सोडवणे, सैल करणे असाही होतो. गंमत म्हणजे मराठीतही तेच, नेसलेलं वस्त्र फेडतात आणि कर्जही फेडतात. त्यामुळे बंधन समजून घ्यायचं तर गाठ कशी बसली यापेक्षा ती सुटते कशी आणि सोडायचा हक्क कुणाचा, हे बघितलेलं बरं पडतं.

कायद्यात सुरुवातीला ही दोरी अगदी खरीखुरी होती. रोममधल्या बारा पाट्यांच्या कायद्यात (इ.स.पू. ४५० च्या सुमारास) कबूल केलेलं कर्ज फेडायला ३० दिवस मिळायचे, नाही फेडलं तर सावकार माणसालाच धरून न्यायचा आणि ६० दिवस बांधून ठेवू शकायचा. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात कर्जापोटी माणूस बांधून ठेवायच्या पद्धतीला कायद्याने आळा बसला, वसुली हळूहळू मालमत्तेवर आली. इ.स. ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात व्याख्या आली ती "कायद्याचं बंधन" अशीच, पण तोवर दोरी नुसती शब्दात उरली होती. आजही दिवाणी कायद्याची भाषा बरीचशी तिथलीच आहे: एका बाजूला देणं लागणारा, दुसऱ्या बाजूला मागायचा हक्क असलेला, आणि हक्क असलेल्याने "जाऊ दे, सोडलं" म्हटलं तर विषय संपला. दावा लावायची मुदत गेली तरी कोर्टाची दारं बंद होतात, पण अनेक देशांत एक बारकावा आहे, मुदत टळलेलं कर्ज कुणी आपणहून फेडलं तर नंतर "मला द्यायची गरजच नव्हती, पैसे परत करा" असं त्याला म्हणता येत नाही. म्हणजे जबरदस्ती गेली तरी देणं पूर्ण मेलेलं नसतं, हे कायद्यालाही मान्य आहे.

करार केला म्हणूनच बंधन येतं असंही नाही. स्कॉटलंडमध्ये १९२८ साली एका बाईंच्या जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार झाली, बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे या बाईंचा करार ना दुकानदाराशी ना कंपनीशी. तरीही १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की आपल्या निष्काळजीपणाचा फटका ज्याला बसू शकतो हे आधीच दिसतंय, त्याची काळजी घेणं बनवणाऱ्यावर आहे. मात्र बुडणाऱ्या अनोळखी माणसाला वाचवायलाच हवं का, यावर कायदे फुटतात. फ्रान्स, जर्मनीत स्वतःला धोका नसताना मदत न करणं हा गुन्हा आहे, इंग्लंडच्या कायद्यात एरवी तुम्ही काठावर उभे राहून बघू शकता. नैतिकदृष्ट्या ते भयंकरच, पण खटला नाही.

बंधन आणि नाइलाज यांत कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये केलेला फरक मराठी माणसाला चटकन कळावा, कारण तो आपल्या व्याकरणातच आहे. कुणी बंदूक लावली आणि पाकीट काढून दिलं तर आपण "द्यावं लागलं" म्हणतो, "द्यायला हवं होतं" असं कुणी म्हणत नाही. नाइलाज वेगळा, बंधन वेगळं. नैतिक बंधनाबद्दल जर्मन तत्त्वज्ञ कान्टचं (१७८५) म्हणणं असं की फेडायचा विचार नसताना "परत देतो" म्हणून पैसे घेणारा स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो, सगळ्यांनी असं केलं तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. ठीक आहे, पण दोन बंधनं एकमेकांना भिडली की कान्टचा फारसा उपयोग होत नाही असं मला वाटतं. तिथे तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस (१९३०) जास्त कामाचे: भेटायचा शब्द दिलाय आणि वाटेत अपघात दिसला तर थांबायचंच, पण मोडलेला शब्द हवेत विरत नाही, नंतर फोन करून सांगणं तरी लागतंच.

सामाजिक बंधन सगळ्यात चिवट, कारण ते पूर्ण फेडणं हाच अपमान ठरतो. मित्र दिवसभर घामाघूम होऊन तुमचं सामान चौथ्या मजल्यावर चढवतो, संध्याकाळी तुम्ही हमालीचा हिशोब करून तेवढेच पैसे त्याच्या हातावर ठेवले तर तो खूश होईल का? उलट चिडेल, आणि बरोबरच आहे, तुम्ही गाठ सोडवलीत जी त्याला हवी होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंबद्दल हेच दाखवलं, देणं, घेणं आणि परतफेड तिन्ही सक्तीचं, पण परतफेड लगेच आणि तंतोतंत नको. याची दुसरी बाजू म्हणजे मिंधेपण. उपकार करणारा प्रत्येक भांडणात तो काढून दाखवतो, आणि इथे कोर्टही नाही, मुदतही नाही.

आणि एक गाठ अशी की ती सोडणाराच उरत नाही. मरणाऱ्याला दिलेला शब्द. मृत्युपत्र असेल तर कायदा बघतो, नुसतं हात हातात घेऊन "करतो" म्हटलेलं असेल तर त्यातून मोकळं करायचा हक्क एकाच माणसाला होता आणि तो गेला. काही तत्त्वज्ञ म्हणतात त्याच्याबरोबर बंधनही संपलं, काही म्हणतात आता ते कायमचं झालं, आणि ज्याने शब्द दिला तो मात्र वर्षानुवर्षे ते काम आज-उद्या करत डोक्यात घेऊन फिरत असतो.