पंप चालू, पाणी जागेवर : सम्प पंपाच्या पाइपला भोक का पाडतात?

तळघरातल्या सम्प पंपाच्या, म्हणजे खड्ड्यात जमणारं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या, पाइपमधून बारीक चिळकांडी उडताना दिसली की घरातलं कुणीतरी टेप नाहीतर सिलिकॉनची ट्यूब घेऊन धावतं. प्लंबरचा उद्धारही होतो. गळती थांबते, सगळे खूश. मग कधीतरी ऐन पावसात पंप घुरघुरत राहतो आणि खड्ड्यातलं पाणी मात्र ढिम्म हलत नाही. पाइपला ते भोक प्लंबरने मुद्दाम पाडलेलं असतं, आणि सगळ्या जोडकामातली सर्वांत हुशारीची गोष्ट मला विचाराल तर तीच.

आधी पाणी येतं कुठून ते पाहू. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर चढते. ती तळघराच्या जमिनीपेक्षा वर गेली की पाणी खालून दाब देऊ लागतं. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. जमिनीचं १० सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट चौरस मीटरला जेमतेम २४० किलो भरतं. म्हणजे काँक्रीटच्या तळापासून पाणी २४ सेंटिमीटर वर चढलं की नुसत्या वजनाच्या हिशोबात काँक्रीट तरंगायला मोकळं! ते सहसा उचललं जात नाही, कारण भिंतींनी त्याला दाबून धरलेलं असतं आणि भिंत-जमिनीच्या सांध्यातून पाणी आत झिरपून दाब थोडा उतरतो. आतून वॉटरप्रूफिंगचा रंग फासून भागत नाही तेही यामुळेच. पाणी त्या रंगाला मागून ढकलत असतं, आणि आज ना उद्या त्याचे पापुद्रे निघतात.

सम्प पंप आत आलेलं पाणी उपसतो हे खरं, पण त्याचं मोठं काम जमिनीखालीच चालतं. खड्ड्यातली पातळी खाली ठेवली की भोवतालच्या खडीतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि काँक्रीटखालचा दाब उतरतो. खड्डा कुठे घ्यायचा, तर जिथे पाणी आधी दिसतं तिथे, तळघराच्या सखल बाजूला. त्यासाठी हातात काटकी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याची गरज नाही. १९९० साली जर्मनीत कासेल इथे पाणाड्यांची रीतसर परीक्षा घेतली होती. पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. निकाल नाणेफेकीपेक्षा सरस निघाला नाही.

आता भोकाकडे येऊ. खड्ड्यात बुडून चालणारा हा पंप सेंट्रिफ्यूगल जातीचा. मोटरच्या दांड्यावर पात्यांची चकती, म्हणजे इंपेलर, फिरते. पाणी मधून आत शिरतं आणि काठावरून वेगाने बाहेर फेकलं जातं. काम गोफणीसारखं : पंप फक्त वेग देतो, आणि तो वेग पुढे दाबात बदलतो. १० सेंटिमीटर व्यासाचा इंपेलर मिनिटाला २,९०० फेरे घेत असेल, तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला १५ मीटर होतो. या वेगाने सरळ वर फेकलेली वस्तू साडेअकरा मीटर उंच जाते (वेगाचा वर्ग भागिले २g, शाळेतलं सूत्र). अशा पंपाची कमाल उचल ढोबळमानाने याच पट्ट्यात असते.

गंमत पुढे आहे. या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. इंपेलरमध्ये पाणी असो, तेल असो की हवा, उंची तीच, साडेअकरा मीटर; पण त्या-त्या द्रवाच्या किंवा वायूच्या स्तंभाची. साडेअकरा मीटर पाण्याचा दाब भरपूर. साडेअकरा मीटर हवेचा? हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून हलकी. तिचा दाब भरतो जेमतेम दीड सेंटिमीटर पाण्याएवढा.

आता पाइपमध्ये काय होतं पाहा. पंपाच्या वर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप असते. पंप थांबला की ती मिटते आणि वरच्या पाइपमधलं पाणी तिच्यावर उभं राहतं, समजा अडीच मीटर. उपसा करताना खड्डा अगदी तळापर्यंत आटला असेल तर पंपाच्या पोटात हवा शिरलेली असते. खड्डा पुन्हा भरू लागतो, पाणी पंपाच्या तोंडाशी येतं, आणि आतली हवा अडकते : खाली पाणी, वर मिटलेली झडप. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, वर येतो, मोटर सुरू होते, इंपेलर त्या हवेत जीव तोडून फिरतो. झडप उघडायला लागतो अडीच मीटर पाण्याचा दाब, आणि मिळतो दीड सेंटिमीटरचा! मोटर दुप्पट ताकदीची घातली तरी फेरे तेच राहिले तर फारसा फरक पडत नाही, कारण प्रश्न ताकदीचा नाही, घनतेचा आहे. इंपेलरजवळचं सील पाण्यानेच थंड राहतं. ते कोरडं फिरत राहिलं तर जळतं, आणि त्यातून पाणी मोटरमध्ये शिरलं की पंप गेला.

तीन ते पाच मिलिमीटरचं एक भोक हा सगळा पेच सोडवतं. ते पंप आणि एनआरव्ही यांच्यामध्ये पाडायचं, तिरकं, धार खड्ड्यातच पडेल असं आणि झाकणाच्या खाली. पाणी चढताना हवा तिथून निघून जाते, इंपेलर पाण्यात बुडतो, आणि पंप पहिल्या फेऱ्यापासून पाणी उचलतो. चालू असताना चिळकांडी उडणारच. थोडं पाणी वाया जातं, जाऊ दे. काही पंपांच्या कवचातच असं भोक असतं, तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी माहितीपत्रक वाचा. वर्षातून एकदा तारेने त्यातला गाळ काढा.

बाकी जोडकाम सरळ आहे. ४५ सेंटिमीटर रुंद, ६०-७० सेंटिमीटर खोल खड्डा. त्यात छिद्रांची टाकी, भोवती गाळणीचं कापड आणि खडी. पंप चिखलात न बसवता सपाट तळावर. फ्लोट भिंतीला अडकत नाही ना, हे हाताने हलवून बघायचं. एनआरव्हीवरचा बाण वरच्या दिशेला. पाइप पंपाच्या तोंडाएवढाच रुंद ठेवा. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपमधून न्यायचं तर घर्षण सुमारे ३२ पट होतं. आणि पाणी घरापासून दूर, उताराच्या बाजूला सोडा. भिंतीलगत सोडलंत तर तेच पाणी मुरून परत खड्ड्यात येईल. विजेच्या जोडणीला अर्थिंग आणि करंटची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच हवाच.

किती मोठा पंप घ्यायचा, हे दुकानात ठरवू नका, खड्ड्याला विचारा. जोराच्या पावसात पंप बंद ठेवून मिनिटभरात पाणी किती चढतं ते पट्टीने मोजा. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या खड्ड्यात दर सेंटिमीटरला १.६ लिटर पाणी मावतं. पाच सेंटिमीटर चढलं तर आवक मिनिटाला आठ लिटर. तुमच्याकडे पाणी जितकं वर चढवायचं तितक्या उंचीला मिनिटाला १०० लिटर देणारा पंप मग साडेबारा मिनिटांत जेमतेम एक मिनिट चालेल. याहून दांडगा पंप घेतलात तर तो क्षणात खड्डा रिकामा करून सारखा चालू-बंद होत राहील, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते.

हाच हिशोब वीज गेल्यावर कामाला येतो, आणि वादळात वीज जातेच. ५०० वॉटचा पंप बारा मिनिटांत एक मिनिट चालला तर सरासरी भार ४० वॉटच्या आसपास पडतो. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरची तूट धरली आणि बॅटरी अर्धीच वापरली, तरी दहा-बारा तास निघतात. इन्व्हर्टर मात्र ४० वॉटकडे बघून घेऊ नका, सुरू होतानाचा झटका पेलणारा घ्या.