कँडिड विवाह-छायाचित्रण, गोव्यातील

लग्नाचे विधी चालू असताना वधूवरांना वा पाहुण्यांना उभे राहण्याची, हसण्याची सूचना न देता, जे घडते ते घडतानाच टिपण्याची शैली. वृत्तछायाचित्रणाशी जवळचे नाते असल्याने तिला ‘डॉक्युमेंटरी’ शैली असेही म्हणतात. धंद्यात दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. ‘कँडिड’चे मूळ लॅटिन ‘कांदिदुस’ म्हणजे शुभ्र. त्यावरून इंग्रजीत निष्कपट, मोकळा असा अर्थ आला. गोव्यात लग्नाची बोलणी करताना ‘ट्रॅडिशनल’ (स्टेजवर ओळीने उभे करून कुटुंबांचे फोटो काढणारा) आणि ‘कँडिड’ अशी दोन माणसे वेगळी ठरवतात.

उगमाचा प्रश्न : विवाह-छायाचित्रणाचा आरंभ पुष्कळ लेखक राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या छायाचित्रांपाशी नेतात. त्यांचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. रॉजर फेंटन याने घेतलेली प्रसिद्ध छायाचित्रे मात्र १८५४ मधली, म्हणजे लग्नानंतर चौदा वर्षांची आहेत. त्यांतला पोशाख लग्नाचाच, पुन्हा चढवलेला, असे एक मत; तो दरबारी पोशाख होता, असे दुसरे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पोशाख कोणताही असो, ही चित्रे मुद्दाम उभे राहून काढून घेतलेली आहेत. प्रस्तुत शैलीची वंशावळ तिथून सुरू करता येत नाही.

तिचा धागा छोटा कॅमेरा आणि अधिक प्रकाश घेणारे भिंग यांच्यापाशी सापडतो. जर्मनीत १९२४ च्या सुमारास एफ/२ भिंगाचा एर्मानॉक्स कॅमेरा आला, आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात ३५ मिमी. फिल्मचा लायका. एरिक झालोमोन (१८८६–१९४४) याने एर्मानॉक्स वापरून राजकीय परिषदांतल्या बेसावध मुद्रा टिपल्या. १९२८ मध्ये तर टोपीत कॅमेरा लपवून त्याने न्यायालयात चित्रे घेतली. लंडनच्या ‘ग्राफिक’ नियतकालिकाच्या संपादकाने या चित्रांना ‘कँडिड’ हे विशेषण लावले, असे सांगतात. त्याचे साल कोणी १९२९ देतात, कोणी १९३०. लग्नाच्या संदर्भात अमेरिकी छायाचित्रकार डेनिस रेगी याचे नाव घेतले जाते. सप्टेंबर १९९६ मध्ये धाकट्या जॉन केनेडीच्या लग्नात, चॅपेलच्या दारातून बाहेर पडताना वराने वधूच्या हाताचे चुंबन घेतले, तो क्षण रेगीने टिपला आणि ते चित्र जगभर गेले. ‘वेडिंग फोटोजर्नलिझम’ हा शब्दप्रयोग रेगीचाच, असे मानतात. पद्धत त्याआधीची, नाव त्याचे, असे म्हणणे सुरक्षित.

भारतात ही शैली रुजली ती डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर, ढोबळमानाने २००५ नंतरच्या दशकात. फिल्मच्या एका रोलमध्ये ३६ चित्रे बसत. तेवढ्यात मामा, आत्या, विहीण सगळे यायला हवेत, तर वाट पाहत बसण्याची चैन परवडत नसे.

गोव्यात : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोव्हा गोवा (पणजी) येथे ‘सौझा अँड पॉल’ यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओत किंवा घराच्या बल्कांवात (दर्शनी ओसरीत) खुर्ची मांडून काढलेले जोडप्याचे चित्र हा पुढे दीर्घकाळ टिकलेला प्रकार. व्हिडिओ आल्यावर मांडवात हॅलोजनचा प्रखर दिवा शिरला आणि तो डोळ्यांवर आला की माणसे आपोआप ताठ होऊ लागली.

हिंदू लग्नांत या शैलीची खरी कसोटी अंतरपाटाच्या वेळी लागते. फोंडा तालुक्यातील देवळांच्या सभागृहांत, मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, रामनाथी परिसरात, बरीच लग्ने लागतात. शेवटचे मंगलाष्टक ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की छायाचित्रकाराच्या हाती काही सेकंद उरतात. बहुतेक भटजी अंतरपाट उत्तरेकडे काढून घेतात. हे ठाऊक असलेला माणूस उत्तरेला उभा राहत नाही, कारण कापड नेमके त्याच्या भिंगासमोरून जाते. दोघे असतील तर एक वराच्या खांद्यामागे, एक वधूच्या. एकटा असेल तर कापडाच्या कडेच्या रेषेत, दक्षिणेला. त्याच क्षणी अक्षता येतात. डोक्यावरून अर्धा मीटर खाली आलेल्या तांदळाच्या दाण्याला सेकंदाला सुमारे ३ मीटर वेग असतो. १/५०० सेकंदाच्या शटरने तो ६ मिमी., म्हणजे स्वतःच्या लांबीइतकाच सरकतो आणि चित्रात दाणा दाण्यासारखा दिसतो; १/६० ला तो पाच सेंटिमीटरची रेघ होतो. फ्लॅश टाळायचा तर सभागृहातल्या ट्यूबलाइटांत एवढा वेग मिळवण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशग्राहकता) ३२०० ते ६४०० पर्यंत न्यावा लागतो. चित्र थोडे रवाळ येते. ते येऊ द्यावे. गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यापेक्षा रवाळ पण खरा चेहरा केव्हाही मोलाचा. विधी पाठ असल्याखेरीज ही शैली साधत नाही, आणि महागडा कॅमेरा ही उणीव भरून काढत नाही.

चुडा हिंदू आणि कॅथलिक दोघांकडे भरतात. बांगड्या भरणारा व्हंकलेची (वधूची) बोटे एकत्र दाबून हिरवी काकणे अंगठ्याच्या सांध्यावरून सरकवतो, तेव्हा तिचा चेहरा कळवळतो आणि भोवतालच्या बायका हसतात. हे हसू आणि ती कळ एकाच चौकटीत येणे, याला गोव्यातल्या कँडिड चित्राचा नमुना म्हणता येईल. कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ असतो; नारळाचा रस अंगाला चोळताना भिंगही त्यातून सुटत नाही. लग्नानंतर व्हंकल माहेरी येते ते ‘पोर्तोणे’ क्वचितच टिपले जाते, कारण ठरवलेले दिवस तोवर संपलेले असतात.

मोठी उणीव दुसरीच आहे. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सक्तीची आहे, हा पोर्तुगीज कायद्याचा वारसा. आधी लग्नाच्या इराद्याची नोंद, मग हरकतींसाठी मुदत, मग साक्षीदारांसमोर अंतिम सही. धार्मिक विधीच्या कितीतरी आधी उरकलेली ही सही बहुतेक अल्बमांत नसते, किंवा एखाद्या भावाने मोबाइलवर काढलेली असते. साध्या साडीतली मुलगी, नोंदवहीवर वाकलेले वडील, ही चित्रे राहून जाऊ नयेत असे प्रस्तुत नोंदकाराला मनापासून वाटते.

किनाऱ्यावरच्या, बाहेरून येणाऱ्या लग्नांमुळे हा व्यवसाय वाढला. कँडोळी, केळशी, मोबोर येथील हॉटेले त्यासाठी प्रसिद्ध आहेत. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्याने मावळता प्रकाश थेट मांडवात येतो आणि मुहूर्ताची वेळही कधीकधी त्यासाठी संध्याकाळकडे ओढली जाते. हंगाम मुख्यतः तुळशीच्या लग्नानंतर मार्गी लागतो. चातुर्मासात हिंदू लग्ने होत नाहीत, आणि कॅथलिक कुटुंबे आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) व उपासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे) टाळतात. दाबोळी विमानतळ नौदलाच्या ‘हंसा’ तळावर असल्याने त्या भागात ड्रोन उडवण्यावर कडक निर्बंध आहेत.

हक्क : भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. म्हणून आपली कामे दाखवण्याची परवानगी छायाचित्रकार करारातच मागून घेतात. त्या करारावर सही असते ती बहुधा वधूवरांची किंवा त्यांच्या पालकांची. पंगतीत भात कालवणारी, मांडवाच्या खांबाला टेकून रडणारी पाहुणी मंडळी त्यात कुठेच नसतात, आणि या शैलीतली उत्तम चित्रे बरीचशी त्यांचीच असतात.