ब्रायंट मोठे की सेबन? अलाबामातल्या वादाची पार्श्वभूमी

निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं प्रशिक्षकपद सोडलं आणि त्या राज्यातला जुना वाद पुन्हा पेटला. सर्वांत मोठा कोच कोण, पॉल ‘बेअर’ ब्रायंट की सेबन? ब्रायंट यांच्या नावावर ६ राष्ट्रीय विजेतेपदं, सेबन यांच्या नावावर ७. पण सेबन यांचं एक विजेतेपद लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडे असतानाचं, २००३ सालचं. अलाबामापुरतं पाहिलं तर सहाला सहा.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकी खेळ. अलाबामात एनएफएल या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे राज्याचं सगळं प्रेम दोन विद्यापीठांच्या वाट्याला येतं : टस्कलूसाचं अलाबामा आणि त्याचं हाडवैरी ऑबर्न. टस्कलूसाच्या स्टेडियमला ब्रायंट यांचं नाव आहे, तिथे लाखभर लोक बसतात. बाहेर विजेतेपद मिळवून देणाऱ्या पाच प्रशिक्षकांचे पुतळे आहेत. शेवटचा सेबन यांचा.

सहाला सहा म्हटलं की हिशेब मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण दोघांच्या काळात विजेता ठरवायची रीतच वेगळी होती. क्रमांक एक आणि दोनच्या संघांमध्ये शेवटचा सामना व्हावा अशी पक्की सोय १९९८ च्या हंगामापासून झाली. त्याआधी पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन विजेता ठरवत, आणि कित्येक वर्षं ती मतं हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांआधीच पडत. १९६४ मध्ये ब्रायंट यांचा संघ विजेता जाहीर झाला आणि नंतर ऑरेंज बोलमध्ये टेक्सासकडून १७-२१ असा हरला. १९७३ मध्येही प्रशिक्षकांनी अलाबामाला पहिलं ठरवलं आणि मग शुगर बोलमध्ये नोत्र दामने त्यांना २४-२३ असं हरवलं. पुढच्याच वर्षी प्रशिक्षकांची मतं बोल सामन्यांनंतर घ्यायचं ठरलं. सेबन यांना मात्र प्रत्येक विजेतेपद शेवटचा सामना जिंकूनच मिळवावं लागलं.

ब्रायंट यांचे चाहते यावर १९६६ काढतात, आणि त्यांचं दुखणं खरं आहे. त्या वर्षी अलाबामाने सगळे ११ सामने जिंकले, तरी मतदानात तिसरा क्रमांक आला. पहिला आला नोत्र दामचा, ज्यांचा मिशिगन स्टेटशी सामना १०-१० असा बरोबरीत सुटला होता.

दुसरा फरक खेळाडूंच्या संख्येचा. १९७३ पर्यंत एका संघाने किती खेळाडूंना स्कॉलरशिप द्यावी, यावर देशभर लागू अशी मर्यादा नव्हती. त्या वर्षी ती १०५ झाली, १९७८ मध्ये ९५, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत १९९४ मध्ये ८५. मर्यादा नसताना मोठं विद्यापीठ चांगली मुलं आपल्याकडेच ठेवू शकत असे, मग ती बाकावर बसली तरी चालेल. ८५ खेळाडूंमध्ये सहा विजेतेपदं मिळवणं मला अधिक कठीण वाटतं.

ब्रायंट यांच्याबद्दल बोलताना एक गोष्ट टाळता येत नाही. ते १९५८ मध्ये अलाबामात आले आणि पहिल्या तेरा हंगामांत त्यांच्या संघातर्फे एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला नाही. साठच्या दशकातली तिन्ही विजेतेपदं त्याच काळातली. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने बर्मिंगहॅममध्ये येऊन त्यांना ४२-२१ असं लोळवलं. सॅम कनिंगहॅम हा कृष्णवर्णीय खेळाडू १३५ यार्ड धावला, त्याने दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) केले. या एका संध्याकाळी अलाबामा बदललं, असं सांगायची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याआधीच स्कॉलरशिप मिळाली होती. राज्यात ब्रायंट यांच्या शब्दाला जे वजन होतं, ते पाहता त्यांनी हे पाऊल बरंच आधी उचलायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

तरीही दोघांची खरी तुलना मला दिसते ती वेगळ्याच ठिकाणी. दोघांनीही यशस्वी झालेली स्वतःचीच पद्धत उतारवयात मोडली. १९६९ आणि १९७० ही दोन वर्षं ब्रायंट यांना वाईट गेली, आता त्यांचं संपलं असं लोक म्हणू लागले. १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी टेक्सासचे कोच डॅरल रॉयल यांच्याकडून ‘विशबोन’ नावाची रचना शिकून घेतली. यात क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या, मागे तिघे उभे राहतात आणि चेंडू फेकण्यापेक्षा पळवण्यावर भर असतो. सराव पडद्याआड चालला, पत्रकार आले की जुनीच रचना दाखवली जाई. १० सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याच सदर्न कॅलिफोर्नियाला त्यांनी १७-१० असं हरवलं. जॉन मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या दिवशी अलाबामाकडून मैदानात होता.

सेबन हे मुळात बचावाचे कोच. भराभर डाव टाकणाऱ्या नव्या आक्रमणाला त्यांनी उघड विरोध केला होता, पण २०१४ मध्ये आक्रमणाची सूत्रं सांभाळायला लेन किफिनना आणून त्यांनी तोच खेळ स्वीकारला. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला अलाबामा ०-१३ असं मागे होतं. सेबन यांनी भरवशाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बाकावर बसवलं आणि पहिल्याच वर्षाला असलेल्या तुआ टागोवायलोआला उतरवलं. जादा वेळेत त्याने ४१ यार्डांचा पास टाकला आणि सामना २६-२३ असा जिंकला.

या दोघांच्या मध्ये जे आले त्यांनी बरंच सोसलं. ब्रायंट जानेवारी १९८३ मध्ये गेले, निवृत्तीनंतर महिन्याभरात. १९८८ मध्ये एका पराभवानंतर तेव्हाचे कोच बिल करी यांच्या ऑफिसच्या खिडकीवर वीट फेकली गेली. सेबन आल्यावरही चाहत्यांचं हे वेड टिकलं : २०१० मध्ये ऑबर्नने ०-२४ वरून २८-२७ असा सामना जिंकल्यावर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या चौकातल्या जुन्या ओकच्या झाडांना विष घातलं. रेडिओवर फोन करून त्याने ते स्वतःच सांगितलं, आणि ब्रायंट वारले तेव्हा ऑबर्नवाल्यांनी त्याच झाडांपाशी आनंद साजरा केला होता, असा दावा केला. २०१३ मध्ये ती झाडं तोडावी लागली.

सेबन यांची जागा केलन डीबोर यांनी घेतली. ५ ऑक्टोबर २०२४ ला व्हँडरबिल्टकडून ३५-४० असा पराभव झाला, आणि त्यांची तुलना एकाच वेळी दोघांशी सुरू झाली.