लॉनमोअर अडते ते जेटपाशी

पेट्रोलवर चालणारे लॉनमोअर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, काही महिने पडून राहिले आणि नंतर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू झाले नाही, की बहुतेक जण सर्वप्रथम स्पार्क प्लग बदलतात. प्लग तपासण्यात गैर काहीच नाही. परंतु फ्लायव्हीलवरचा (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावरचा) चुंबक कॉइलजवळून, म्हणजे तारेच्या वेटोळ्याजवळून, वेगाने फिरल्यामुळे ठिणगी पडते, आणि ही व्यवस्था यंत्र नुसते पडून राहिल्याने सहसा बिघडत नाही. टाकीतले पेट्रोल मात्र बिघडते.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. थंड इंजिन पेटण्यासाठी ज्यांची सर्वाधिक गरज असते ते हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेल्यांपैकी काही असंतृप्त घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळसर तपकिरी, चिकट राळ तयार होते. ही राळ नेमकी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, सर्वांत अरुंद जागी, जेट नावाच्या बारीक छिद्रात, साचते.

कार्ब्युरेटर ही मला अत्यंत सुंदर वाटणारी रचना आहे. पिस्टन खाली जाताना आत ओढली जाणारी हवा नळीच्या आवळलेल्या भागातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असल्यामुळे ते जेटमधून वर ढकलले जाऊन हवेत मिसळते. पूर्ण ज्वलनासाठी १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते आणि हे प्रमाण राखण्याचे काम मुख्यतः एक मिलिमीटरपेक्षाही बारीक अशा त्या छिद्राकडे असते. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने व्यास १० टक्क्यांनी घटला, तर क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते. मग मिश्रण विरळ होते, वेग पडू लागताच गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर राखणारा भाग) थ्रॉटल, म्हणजे मिश्रणाची वाट कमी-जास्त करणारी झडप, उघडतो, इंजिन उसळते, गव्हर्नर थ्रॉटल पुन्हा मिटतो, आणि आवाज एका लयीत चढत-उतरत राहतो. हा चढउतार ऐकू आला, की माझा पहिला संशय जेटवर जातो.

अलीकडेच खोललेल्या एका लॉनमोअरचे जेट मी खिडकीकडे धरून पाहिले, तेव्हा छिद्रातून पूर्ण गोलाऐवजी चंद्रकोर दिसली. अशा वेळी जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावे आणि तांब्याच्या तारेचा एकच धागा हलकेच आरपार फिरवावा. पोलादी सुई वापरू नये, कारण जेटचे पितळ मऊ असते आणि सुईने छिद्र मोठे होते. काम सुरू करण्यापूर्वी प्लगची वायर काढणे अनिवार्य आहे, कारण पाते हाताने फिरले तरी क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो आणि इंजिन पेट घेऊ शकते. यंत्र कलते करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते.

जुने पेट्रोल पुन्हा ताजे करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नये. ताज्या पेट्रोलमध्ये घातलेले स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे रसायन) ऑक्सिडीकरण लांबवते, हे खरे. पण तयार झालेल्या राळेचे पुन्हा पेट्रोल होत नाही.

यंत्र दीर्घकाळ ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि त्यानंतर वाटीच्या तळाचा बोल्टही सैल करावा. इंजिन बंद पडले तरी वाटीच्या तळाशी थोडे पेट्रोल उरतेच, आणि जेट चोंदायला तेवढे पुरते.