सिनेमा थांबतो, उडी थांबत नाही

२००० साली आलेला प्लेस्टेशन २ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा खोका, कित्येक घरांत डीव्हीडी प्लेअर म्हणूनच शिरला. २००६च्या प्लेस्टेशन ३ने तीच युक्ती ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या डिस्कच्या जोरावर केली. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर नेटफ्लिक्स आलं. आता घरातली सगळी करमणूक टीव्हीखालच्या या खोक्यातूनच येणार, असं वाटू लागलं. २०१३मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने खेळांआधी टीव्हीचंच कौतुक इतकं सांगितलं की गेमर मंडळी भडकली.

ती बाजी टीव्हीनेच मारली. तीच अ‍ॅप्स त्याच्या स्वतःच्या चिपवर चालू लागली. दुसरा रिमोट शोधायला नको, इनपुट बदलायला नको. नुसता सिनेमा बघण्यासाठी गेमिंगचा दांडगा प्रोसेसर जागा ठेवायचा, हा विजेच्या दृष्टीनेही उधळेपणाच.

मग खेळही टीव्हीतच का नको? २०२२पासून सॅमसंगच्या काही टीव्हींवर एक्सबॉक्सचं अ‍ॅप मिळतं. खेळ चालतो दूरच्या डेटा सेंटरमध्ये, टीव्ही फक्त चित्र दाखवतो. म्हणजे सिनेमासारखंच, असं वाटतं. गोम इथेच आहे.

सिनेमाचा पुढचा भाग आधीच ठरलेला असतो. त्यामुळे टीव्ही काही सेकंदांचा साठा करून ठेवतो आणि नेट मध्येच अडखळलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. खेळात पुढचं चित्र तुमच्या अंगठ्यावर अवलंबून. नायक कड्याच्या टोकाला पोचला, तुम्ही उडीचं बटण दाबलं. ती खबर डेटा सेंटरला जाणार, तिथे चित्र तयार होणार, आकसून परत येणार, टीव्ही ते उलगडणार. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. नेटचा डेटा वाहणाऱ्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, तेव्हा सेंटर १,००० किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेली. वाय-फायचे हेलकावे आणखी वेगळे. बुद्धिबळात हे कुणाला जाणवणार नाही. मारामारीच्या खेळात मात्र नायक दरीत गेल्यावर उडी मारतो.

गंमत म्हणजे उशिरात टीव्हीचाही हात असतो. चित्र देखणं करण्याच्या नादात काही टीव्ही १०० मिलिसेकंद सहज खातात, आणि मग कन्सोल जोडूनही खेळ जड वाटतो. त्यासाठीच ही सजावट आवरती घेणारा ‘गेम मोड’ असतो. तो मेन्यूत इतका खोल का दडवतात, कोण जाणे.

गुगलची स्टेडिया ही असेच दूरून खेळ पुरवणारी क्लाउड सेवा नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३मध्ये बंद पडली. तिचं दुखणं नुसतं तांत्रिक नव्हतं. गिऱ्हाईकंच पुरेशी जमली नाहीत. उलट २०१७च्या निन्टेंडो स्विच या कन्सोलवर नेटफ्लिक्स कधी आलंच नाही, तरी तो १५ कोटींहून अधिक खपला.